आडवा दाणा, उभा दाणा

शेडचं कुलूप आज काढलं. तुमची तेरवी होऊन गेली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मला घरात बसवेना. किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात होती. कुणीतरी सदरा धुऊन, घडी घालून ठेवला होता, किल्लीसकट. दार ढकललं तर तोच वास, गॅस करायच्या कार्बाइडचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासाने मी नाकाला पदर लावायची आणि तुम्ही म्हणायचात, होईल सवय. झाली. आज दाराशी उभी राहून मी तो वास छातीभर घेतला. मग तुमचा रागही आला. सगळं जागच्या जागी ठेवून गेलात आणि एक प्लेट तेवढी अर्धी ठेवलीत.

ती दोन लोखंडी घोड्यांवर आडवी पडली आहे. सोमाजी पाणकर ज्या तलावाचं पाणी वाटतो, त्या तलावाच्या तुडुमाचं, पाणी सोडायच्या मोरीचं, दार. हे दार खाली सोडलं की तलावाचं पाणी अडतं, वर उचललं की शेतांकडे सुटतं. जुनं दार गंजून चाळणीसारखं झालं आहे म्हणून सोमाजी आंबागडकडून दोनदा चक्कर मारून गेला. खाणीच्या भंगारातून तुम्ही ही जाड प्लेट आणलीत, दोन्ही कडा गंजाने खाल्लेली. दोन्ही कडा सरळ कापल्या की दार तयार. त्यातली एक तुम्ही कापली आहे. दुसऱ्या बाजूला नुसती खडूची रेघ आहे; ती कापायच्या आधीच, त्या रात्री, तुम्ही गेलात.

कापलेल्या कडेवर पोतं टाकलेलं होतं. गरम धारेला कुणाचा हात लागू नये म्हणून तुम्ही ओलं पोतं टाकायचात. ते आता वाळून कडक झालं होतं. मी ते उचललं नाही. खरं सांगते, धीर झाला नाही. ती कड तुम्ही मी नसताना कापलीत. मी अड्याळला कमलच्या बाळंतपणाला गेले होते, तुम्हाला नात पाहायची घाई होती, आणि हे काम संपवून तुम्ही दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरणार होता. माझी वाट पाहिली नाहीत. मी नसताना तुम्ही कापू नये, असं आपलं ठरलं होतं, आणि का ठरलं होतं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. त्या पोत्याखाली कड वाकडीतिकडी निघाली तर? तुम्ही शेवटचं काम एकटे, डोळे ताणून, चिडचिडत केलंत, हे मला पाहावं लागेल. ते मला नको होतं.

म्हणून मी पोत्याकडे पाठ करून माझ्या बसायच्या बुटक्या पिढ्यावर बसले.

तो पिढाही तुम्हीच केलेला. पण त्याच्या आधीची गोष्ट आठवली. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. तुम्ही खाणीतल्या वर्कशॉपची नोकरी सोडून सिहोऱ्याच्या रस्त्यावर हे टिनाचं शेड टाकलं होतं आणि तुमसरमधले लोक म्हणत होते की राईस मिलच्या गावात हा माणूस लोखंड कापून काय खाणार. मी डबा घेऊन यायची. शेजारच्या मिलमधून भुसा उडत यायचा आणि आपल्या भाजीवर बसायचा. एक दिवस तुम्ही जेवण बाजूला ठेवलंत आणि मला काळा चष्मा लावायला दिलात. म्हणालात, पाह्य.

आधी कापायच्या टॉर्चची धुरकट पिवळी ज्योत. मग ऑक्सिजन सोडल्यावर ती आवळत गेली, निळी झाली आणि नोझलच्या तोंडाशी छोटी छोटी पांढरी टोकं उभी राहिली. भिजवून रहू टाकलेल्या धानाला मोड फुटतो तशी. मला वाटलं होतं की लोखंड कापायचं म्हणजे ज्योत त्यात खुपसायची. तुम्ही मान हलवलीत.

"हे पांढरं टोक दिसते ना, ते पत्र्याले टेकू द्याचं नाही. मधात एक दाना मावला पाहिजे. पातळ पत्रा असंल तं आडवा दाना, जाड प्लेट असंल तं उभा."

"कोनता दाना?" मी विचारलं. "लुचईचा का चिन्नोरचा?"

तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तू रांधते तो."

आपल्या संसारातली ती पहिली चेष्टा, असं मी धरते. त्याआधी आपण बोलायचो, पण घरच्यांसारखं, जेवण झालं का, पाणी भरलं का. त्या दिवशी तुम्ही मला तुमचं काम समजावून सांगितलंत. ज्योत फार खाली आली की वरची कड वितळून गोल होते, नोझलमध्ये लोखंडाचा रस उडून बसतो आणि टॉर्च फाटकन आवाज करून विझते. फार वर गेली की चीर रुंद होते आणि खालून वितळल्या लोखंडाची किट लोंबते, गुळाच्या पाकासारखी थिजलेली. बरोबर असली तर कड धारदार आणि त्यावर बारीक सरळ रेघा. हे सगळं तुम्ही टाकून दिलेल्या तुकड्यांवर बोट फिरवून दाखवलंत. माझ्या माहेरी मुलींना कुणी काही इतकं खोलात जाऊन सांगत नसे. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तुमच्या तोंडावर उपकार म्हटलं असतं तर तुम्ही चहा टाक म्हणून विषय बदलला असता.

तुमचा हात तेव्हा काय होता! खडूच्या रेघेवरून टॉर्च चालायची आणि वर-खाली तसूभर हलायची नाही. टॉर्चला लावायची दोन छोटी चाकं कुणीतरी नागपूरहून आणून दिली होती, म्हणजे उंची आपोआप धरली जाते. तुम्ही ती एक दिवस लावलीत आणि काढून फेकलीत. भंगारातल्या प्लेटा कुठे सपाट असतात, चाक खळग्यात गेलं की ज्योतही खळग्यात, असं तुमचं म्हणणं होतं. खरं कारण वेगळं होतं. चाकं लावलेली टॉर्च म्हणजे बाबागाडी, असं तुम्ही त्या माणसाला म्हणालात, आणि तो परत आला नाही. तुमचा ताठा मला ठाऊक नव्हता असं नाही.

मग ऐंशीच्या सुमारास ते सुरू झालं. तुम्ही पेपर हात लांब करून वाचायला लागलात. सुईत दोरा ओवताना माझी टिंगल करणारे तुम्ही, तुमच्या सदऱ्याचं बटण लावताना सुईच दिसेना. चाळिशी सगळ्यांना येते. पण कारकुनाला ती आली तर तो चष्मा लावून मोकळा होतो. तुमचं सगळं काम हातभर अंतरावरच्या त्या पांढऱ्या टोकावर होतं.

एका मिलचं धान ओतायचं पातळ पत्र्याचं तोंड तुम्ही कापून दिलंत आणि ते परत आलं. कडेला खालून किटीची झालर. तुम्ही ऑक्सिजनला दोष दिलात. मग नोझलला. मग कार्बाइड ओलं आलं म्हणालात. दुसरा पत्रा कापायला घेतलात तेव्हा मी डबा घेऊन आले होते आणि बाजूला उकिडवी बसून पाहत होते. बाजूने पाहिलं की ज्योतीचं टोक आणि पत्रा यांच्यातली फट सरळ दिसते. वरून वाकून पाहणाऱ्याला ती अंदाजाने धरावी लागते. मला दिसलं की ज्योत उंच चालली आहे. तुम्हाला टोक धुरकट दिसत होतं, म्हणून ते आहे त्याहून लांब वाटत होतं, आणि ते टेकेल या भीतीने तुम्ही हात वर वर घेत होता.

मी म्हणाले, "तुमचा दाना उभा झाला. पत्रा तं आडव्या दान्याचा आहे."

तुम्ही टॉर्च बंद केलीत. चष्मा कपाळावर सरकवलात. मला वाटलं, आता डबा रस्त्यावर जातो.

"तुले दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं."

शेजारच्या मिलचा पट्टा फटफटत होता. मग कोपऱ्यातून एक विटकर आणून तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत. "बस वं येथं," म्हणालात. "मले सांगत जाय."

चष्मा तुम्ही भंडाऱ्याहून आणला होता, ते कबूल. पण काळ्या चष्म्याखाली तो बसेना, घामाने घसरे, आणि एकदा ठिणगी काचेवर चिकटून तिला खड्डाच पडला. तो चष्मा मग पेपरापुरता राहिला. विटकरीच्या जागी महिन्याभरात हा पिढा आला. पाय तुम्ही लोखंडाचे केलेत, वर सागाची फळी. मला एक काळी काच पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून दिलीत. मग आपलं काम असं चालू लागलं: तुम्ही वाकलेले, मी बाजूला बसलेली, एका हाताने काच डोळ्यांपुढे धरून. वर. खाली. खाली. बस. इतकंच बोलायचं. तेवढ्या चार शब्दांवर आपण वर्षं काढली.

गावाने काय कमी बोलून घेतलं? तुमच्या वहिनी म्हणाल्या की बाईमाणसाने ठिणग्यांत बसावं हे कुठल्या शास्त्रात आहे. हातपंपावरच्या बाया म्हणायच्या की तुझा नवरा तुझ्या तोंडाने लोखंड कापते. मी वर मान करून हंडा भरायची. मला त्या बोलण्याचा राग येत नव्हता, उलट आत कुठेतरी गोड वाटायचं. कुणाच्या संसारात बाईचा शब्द इतका तंतोतंत पाळला जातो? मी खाली म्हटलं की तुमचा हात खाली. घरात मात्र तुम्ही माझं एक ऐकत नव्हता. बाजारातून वांगी आणू नका म्हटलं तर पिशवीभर आणायचात.

घरची भांडणंही आपण त्याच जागी भांडलो. कमलचं लग्न ठरवताना मला अड्याळ लांब वाटत होतं. तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून पुन्हा गाडी. तुम्ही परस्पर शब्द देऊन आलात. दुसऱ्या दिवशी कामावर मी बसले, पण तोंड उघडलं नाही. काच डोळ्यांपुढे धरून गप्प. मनात म्हणत होते, कापा आता शब्द देऊन. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, पेटवलंत आणि कापत गेलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कड स्वच्छ निघाली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं म्हणजे थोडं वाईट वाटलं. मी विचारलं, कसं जमलं.

"आइकलं," तुम्ही म्हणालात. "बरोबर असली की कापड फाडल्यावानी आवाज येते. मले ऐकू येते."

मी उडवून लावलं. शेजारी मिलचा खडखडाट, रस्त्यावर ट्रक, आणि तुम्हाला म्हणे कापड फाटल्याचं ऐकू येतं. नशिबाने एकदा जमलं, असं मी म्हणाले. तुम्ही कानाचं घोडं पुढे दामटलंत, मी डोळ्याचं. हा वाद आपण नंतर कितीदा केला. पोळ्याला केला, दिवाळीत कार्बाइडच्या गाळाने भिंती पांढऱ्या करताना केला, कमलच्या सासरी जाताना एस.टी.त बसून केला. जावई बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. दर वेळी मी शेवटी एकच विचारायची.

"तुमाले ऐकू येते, तं मले कायले बसवता?"

आणि दर वेळी तुम्ही उत्तराऐवजी टॉर्च पेटवायचा लायटर शोधायला लागायचात. तुमच्याकडे उत्तर नाही, म्हणून मी जिंकले, असं मी समजायची. आता ते उत्तर मला हवं आहे आणि द्यायला तुम्ही नाही. तेरवीला आलेल्या बाया रडू नको म्हणत होत्या. मी रडत होते ते या वादासाठीही होतं, हे त्यांना कसं सांगू?

तर मी पिढ्यावर बसले होते आणि दारात सावली पडली. सोमाजी पाणकर. तेरवीला येऊन गेला होता, पण तेव्हा दाराचं काही बोलला नाही. आज हातातली टोपी फिरवत प्लेटीकडे पाही, माझ्याकडे पाही. मीच म्हटलं, बोला. तर म्हणाला, घाई नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तलाव तळाला गेला आहे, तुडूम उघडं पडलं आहे. पाऊस लागायच्या आत दार बसलं तर बसलं, नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं. यंदाही गळत राहिलं तर पाऊस ओसरल्यावर धान लोंबीत येईल तेव्हा शेवटच्या पाण्याला तलावात काही उरणार नाही. गावातले म्हणतात, प्लेट नागपूरला न्यावी. तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणून तो थांबला. तुमची अर्धी प्लेट माझ्या दारातून उचलून न्यायची, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

मी सोमाजीला विचारलं, ती कड कापली त्या दिवशी तो इथे होता का.

होता. दुपारभर इथेच होता. त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुम्हाला नाकारता येणार नाही.

"मी थकलो होतो बाई, तं या पिढ्यावर बसाले गेलो. तं म्हनले, तेथं नोको बसू, ते तिची जागा आहे. मंग मी दारात बसलो. त्यायनं पेटवलं, थोडंसं कापलं, अन् मधातच बंद केलं. पिढ्याकडे पायलं. असे उभेच राहिले. मंग पुन्हा पेटवलं, अन् मंग काही थांबले नाही."

मी उठले आणि पोतं काढलं.

सुरुवातीला वीतभर किट होती. खालून लोंबणारी, अगदी त्या मिलच्या पत्र्याला होती तशी. ज्योत उंच होती तुमची. मग एक खाच, टॉर्च बंद केली तिथली. आणि त्या खाचेपासून पुढे, शेवटच्या टोकापर्यंत, वरची कड चाकूसारखी आणि तिच्यावर बारीक सरळ रेघा, एकीसारखी दुसरी. मी अंगठा फिरवत नेला. कुठे अडला नाही. तुमच्या चांगल्या काळातलीच कड होती ती. बाजूला कुणी नव्हतं, वर-खाली म्हणायला कुणी नव्हतं.

म्हणजे तुम्हाला येत होतं. ऐकू येत होतं. इतकी वर्षं येत होतं.

मी सोमाजीसमोर रडले नाही. पण मला धक्का बसला आणि माझी जागा गेल्यासारखं वाटलं. हातपंपावर मी ज्याचा तोरा मिरवला, ते तुम्हाला लागतच नव्हतं? मग मला ठिणग्यांत कशाला बसवलंत? मी सोमाजीला म्हटलं, चहा पिऊन या, तासाभराने या. तो गेला. मी तुमचा काळा चष्मा लावला.

माझ्या हातात टॉर्च नवी नाही. नट कापायला, भोक पाडायला तुम्हीच कधीमधी द्यायचात. पण इतकी लांब कड मी कधी कापली नव्हती. कार्बाइडचा डबा मी परत भरला, पाणी सोडलं, पाइप तपासला, सगळं तुम्ही करायचात त्याच क्रमाने. काळा धूर, मग पिवळी, मग निळी. आणि मी वाकले, त्या पांढऱ्या टोकांकडे पाहायला.

मला ती दिसली नाहीत.

म्हणजे ज्योत दिसली, पांढरा धूसर गोळा दिसला. टोक कुठे संपतं आणि प्लेट कुठे सुरू होते, ते दिसेना. मी डोकं मागे घेतलं, पुढे घेतलं. चष्मा पुसला. मग कळलं. मीही आता पंचेचाळिशीच्या पुढे आहे. घरात सुई मी शेजारच्या पोरीकडून ओवून घेते, वर्ष दीड वर्ष झालं. तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढते. ते मी म्हातारपणाच्या खात्यात टाकलं होतं, या कामाशी कधी जोडलंच नाही. कारण पिढ्यावर बसलेल्या मला नेहमी दिसत होतं. की दिसत नव्हतं?

मी टॉर्च हातात धरून पिढ्याकडे वळून पाहिलं. तो घोड्यांपासून चांगला लांब होता. सुरुवातीला विटकर तर अगदी जवळ होती, ठिणग्या माझ्या लुगड्यावर यायच्या. मग दोनेक वर्षांपूर्वी तुम्ही म्हणायला लागलात, मागे सरक, पायावर उडेल. थोड्या दिवसांनी पुन्हा, मागे सरक, झळ लागते. मी सरकत गेले. आज पिढा जिथे आहे तिथून प्लेट आणि ज्योत यांच्यातली दाणाभर फट गरुडालाही दिसणार नाही. तिथून मी दोन वर्षं वर आणि खाली सांगत होते. आणि बरोबर सांगत होते. तुमच्या कडा साक्ष आहेत.

मग मी सांगत कशाच्या जोरावर होते?

मी कड तापवली, लाल होऊ दिली आणि ऑक्सिजनचा लिव्हर दाबला. ठिणग्या खाली सांडल्या. फरफर असा बसका, विस्कटलेला आवाज आला. हा आवाज मला चांगला माहीत होता. तो आला की माझ्या तोंडून एक शब्द निघायचा, विचार न करता, आणि आजही निघाला. रिकाम्या शेडमध्ये मी मोठ्याने म्हणाले, "खाली."

आणि माझाच हात खाली गेला. आवाज आवळला. थोडा आणखी. मग तो आला. नवं मांजरपाट ताणून दोन हातांनी फाडावं तसा, लांब, एकसारखा, कुठेही न अडखळता. मिल चालू होती, रस्त्याने ट्रक गेला, आणि त्या सगळ्यात तो आवाज मला एकट्याला स्वच्छ ऐकू येत होता. बस, मी म्हणाले, आणि त्या आवाजाच्या मागे मागे खडूच्या रेघेच्या टोकापर्यंत गेले.

टॉर्च बंद केल्यावर चष्म्याच्या आत सगळं ओलं झालं होतं. तो पुसत मी घोड्याला टेकून उभी राहिले.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? पिढा मागे सारताना ठाऊक होतं का, की हिलाही आता दिसत नाही, पण हिच्याकडून पिढा काढून घेतला तर ही मनाने खचेल? की तुम्हाला खरंच माझ्या पायांची काळजी होती आणि बाकी सगळं मी आज जुळवते आहे? विचारायला गेले असते तर तुम्ही लायटर शोधला असता. माझं एक मन म्हणतं, तुम्हाला माझी गरज नव्हती. पण मग ती वीतभर किट कशी आली? ऐकू येणाऱ्या माणसाने वीतभर चुकीचं का कापलं, आणि रिकाम्या पिढ्याकडे पाहून मगच त्याला का जमलं? मला वाटतं, तुम्ही आवाज ऐकत होता हे खरं, पण माझ्या शब्दाची वाट पाहत ऐकत होता. तो आला नाही, तेव्हा थांबलात. या वादात मी अजून हार मानलेली नाही, एवढंच सांगते. अर्धी तुमची, अर्धी माझी, असं म्हणा हवं तर.

किट मी छिन्नीने झाडून काढली, दोन्ही बाजूंची. माझी तुमच्यापेक्षा लांब होती, दीड वीत. शिकाऊ आहे मी. सोमाजी आला, त्याने प्लेट मापून पाहिली, दोन्ही कडांवर हात फिरवला आणि कुठली कुणाची ते विचारलं नाही. उद्या सकाळी बैलबंडी घेऊन येतो म्हणाला. दार तलावाच्या तळाशी बसेल आणि वर पाणी चढेल, तुमची कड एका खाचेत, माझी दुसऱ्या. नागपूरला काही न्यावं लागलं नाही.

मिलवाल्याचा माणूस संध्याकाळी डोकावून गेला. एक पत्रा आहे म्हणाला, पातळ, कापून मिळेल का. आडवा दाणा. मी हो म्हटलं आहे. तुमच्या वहिनी काय म्हणतील ते त्या म्हणोत. नातीला पाहायला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा अड्याळला जाईन आणि तुमच्या वाटणीचंही पाहून येईन. तिचे कान तुमच्यासारखे आहेत, बाहेर आलेले.

शेड झाडून घेतलं. टॉर्च खुंटीला लावली, पाइप गुंडाळला. पिढा उचलून कोपऱ्यात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. तो पुढे ओढला, घोड्यांच्या जवळ, पहिली विटकर होती तिथे. तुम्हाला आता ठिणगीची काय भीती. उद्या तो पत्रा कापायला घेईन तेव्हा तिथे बसा. दिसत नसलं तरी चालेल. माझा हात वर गेला, तर तेवढं खाली म्हणा.